पोपडा उलटा करून बघा

मागच्या अंकात इंजिनाच्या गरम पायपांवरच्या रंगाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, जेटीपासून कॉलेजपर्यंत सगळीकडून प्रश्न आले. सगळे एकाच दुखण्याचे, लोखंडावर उष्णतेपासून वाचवणारा थर दिला आणि तो तडकला. त्यातले काही निवडून घेतलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : माझा ट्रॉलर मालीम जेटीला असतो. दरवर्षी मासेमारी बंदीच्या दिवसांत एक्झॉस्टच्या पायपाला चंदेरी हीट रेझिस्टंट रंग मारून घेतो. चतुर्थीपर्यंत बरा दिसतो, मग मे महिन्यातल्या खाजनातल्या चिखलासारखा तडकतो आणि तळहाताएवढे पोपडे सुटतात. दुकानदार म्हणतो जाड मारा, मेकॅनिक म्हणतो रंगच डुप्लिकेट. कोणाचं खरं?
— ट्रॉलरमालक, बेती

उत्तर : बहुतेक दोघांचंही नाही. भाऊ, आधी एक काम करा, पडलेला पोपडा उचला आणि उलटा करून बघा, आणि तो जिथून सुटला ती पायपावरची जागाही बघा. मागची बाजू तांबूस आणि बोटाला भुकटी लागतेय तर खाली कोणीतरी साधा रेड ऑक्साइड प्रायमर मारलाय. तो बिचारा दारं-खिडक्यांसाठी असतो, एक्झॉस्टवर करपून त्याची राख होते आणि राखेवर चंदेरी रंग कशाला धरून राहणार. हा प्रकार मी सगळ्यात जास्त बघितलाय, कारण "आधी प्रायमर" ही सवय पेंटरच्या हातात इतकी बसलीय की त्याला नको सांगितलं तरी तो मारतो. सिलिकॉन ॲल्युमिनियम रंग, म्हणजे तुमचा चंदेरी, सरळ स्वच्छ लोखंडावर मारायचा असतो, किंवा त्याखाली झिंक सिलिकेटचा प्रायमर, तोसुद्धा पायप ४०० अंशांच्या आत राहत असेल तरच, झिंक ४१९ ला वितळतं.

मागची बाजू काळी-तपकिरी आणि तिला गंजाची खपली चिकटून आली असेल तर रंग गंजावर मारला होता, म्हणजे रंग लोखंडाला चिकटलाच नव्हता, गंजाला चिकटला होता. आणि दोन्ही बाजू चंदेरी आणि पायपावरही चंदेरी शिल्लक, म्हणजे थर मधल्यामध्येच फाटला, तर दुकानदाराचा सल्ला तुम्ही ऐकलेला आहे. हा रंग एका हातात सुकल्यावर २०-२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरला पाहिजे, दोन हात मिळून पन्नासच्या आसपास, बास. जाड मारला की वरचं कातडं आधी सुकतं, आतलं सॉल्व्हंट अडकतं, इंजिन तापलं की फोड येतात नाहीतर चिखलासारख्या भेगा पडतात. तुमचं वर्णन वाचून मला हाच संशय आहे, दरवर्षी जुना न काढता वर नवा चढवत असाल तर जाडी आपोआपच वाढत गेली असणार.

आता बंदीचं बोलू. आपली बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे रंगकामाला वर्षातले सगळ्यात वाईट दोन महिने, आणि सगळी मालीम जेटी तेव्हाच ब्रश घेऊन बसते! घासून चकचकीत केलेलं लोखंड पावसाळी हवेत दोन-तीन तासांत पिवळट पडायला लागतं. नियम असा की लोखंडाचं तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन बसते त्यापेक्षा, निदान ३ अंश जास्त पाहिजे, जुलैत मांडवीच्या काठावर उघड्यावर ते कुठून मिळणार. त्यापेक्षा पायपाचा तो तुकडा फ्लँज खोलून काढा, वर्कशॉपमध्ये न्या, ब्लास्टिंग (जोराच्या हवेने कण मारून लोखंड साफ करणं) आणि पहिला हात एकाच दिवशी छपराखाली होऊ दे. ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याने धुवा, आणि गोडं म्हणजे टँकरचं नाहीतर नळाचं, पोरं जेटीवर बादली टाकून नदीचं पाणी ओढतात ते नव्हे, तिथे मांडवीत समुद्राचं पाणी शिरतं. मीठ रंगाखाली राहिलं की ते हवेतली ओल ओढून घेतं आणि गंज खालून सुरू होतो, वरून काही दिसत नाही, दिसतं तेव्हा पोपडाच हातात येतो. (ब्लास्टिंग साध्या वाळूने करू देऊ नका. ती धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिसला औषध नाही. गार्नेट नाहीतर कॉपर स्लॅग मागा.)

रंग मारल्यावर लोक आणखी एक घाई करतात. सिलिकॉनचा रंग हवेत नुसता सुकतो, पक्का होतो साधारण २०० अंशांची धग मिळाल्यावर. तोपर्यंत तो नखाने निघतो. म्हणून पहिल्यांदा इंजिन हळू चालवा, थोडं तापू द्या, मग थोडं वाढवा, किती वेळ ते डब्यावर छापलेलं असतं. रंग मारला आणि १ ऑगस्टला पहाटे फुल थ्रॉटल असं केलंत तर पैसे पाण्यात.

आणि पायप वाढतो हेही ध्यानात ठेवा. २ मीटरचा साधा लोखंडी पायप ३० वरून ४३० अंशांवर गेला की जवळपास १ सेंटिमीटर लांब होतो, स्टेनलेसचा तर दीड सेंटिमीटरच्या जवळ. रोज सकाळी ताणायचं, संध्याकाळी आकसायचं. पातळ थर हे सोसतो, जाड थर सोसत नाही, म्हणून "जाड मारा" हा सल्ला म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

जाता जाता, हा रंग गंज थांबवतो, उष्णता अडवत नाही. पायपाजवळ डिझेलची नळी असेल किंवा खलाशाचा हात लागत असेल तर वर लॅगिंगच, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, पाहिजे. मोठ्या जहाजांना २२० अंशांवर तापणारी जागा झाकायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, ट्रॉलरला नसला तरी आग नियम विचारून लागत नाही.

प्रश्न : काका, मी बाईकच्या सायलेन्सरला म्हापशात सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, काळं मॅट. दुकानवाला म्हणाला लाइफटाइम. चोर्ला घाटातून दोन-तीनदा पावसात गेलो तर बेंडजवळ बारीक तडे. आता तो म्हणतो तुम्ही गरम पायपावर पाणी मारलं असणार. पाऊस काय मी पाडला? परत पूर्ण करून घेऊ का?
— वाचक, साखळी

उत्तर : पाऊस तू पाडला नाहीस, पण तो म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. घाट चढताना हेडर पायप, म्हणजे इंजिनातून निघणारा पहिला पायप, जाम तापतो आणि वरून गार पाणी पडलं की कोटिंगची वरची बाजू आधी आकसते, खालचं लोखंड अजून फुगलेलंच, मग वरचा थर ताणला जाऊन उभा फाटतो. बेंडवर आणि वेल्डिंगजवळ जास्त, कारण तिथे थर सारखा बसत नाही, आतल्या वळणात जाड होतो. पण गोव्यात बाईकचं कोटिंग विकायचं आणि पाऊस गृहीत धरायचा नाही, हे मला काही पटत नाही.

तुझं सिरॅमिक म्हणजे बहुतेक सिलिकॉन रेझिनमध्ये सिरॅमिकची पावडर घालून स्प्रे केलेलं आणि भट्टीत भाजलेलं असणार. ते वाईट नसतं, पण विमानाच्या इंजिनात वापरतात ते वेगळं, त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलंय.

लगेच परत करू नकोस. तड्याच्या कडेवर नख फिरव. कड नखाला लागत नाही, नुसती रेघ दिसते, तर सोडून दे, ती रेघ वर्षानुवर्षं तशीच राहू शकते आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे थरावरचा ताण जरा सैल पडतो. कड उचललेली असेल, किंवा रेघेतून तांबडं पाणी ओघळल्याचा डाग असेल, तर खालून सुटायला सुरुवात झालीय. मग टचअपचा डबा घेऊन बसू नकोस, तेवढा भाग पूर्ण साफ करून नव्यानेच करावा लागेल. सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढून बघ, टेपला काळे तुकडे आले तर निकाल लागला.

आणि मोरजी-हरमलला समुद्राकाठी गेलास की घरी येऊन पायप गार झाल्यावर गोड्या पाण्याने धू. गार झाल्यावर! हेडरला ती उष्णता अडवायची पट्टी गुंडाळतात ती आपल्याकडे अजिबात नको, चार महिने ओली राहते आणि आत पायप कुजतो.

प्रश्न : सर, मी फर्मागुडीला मेकॅनिकल करतोय. जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांवरचं थर्मल बॅरियर कोटिंग (उष्णता अडवणारा थर) एवढ्या उष्णतेत टिकतं, मग त्याला तडे का जातात, आणि ते किती टिकेल हे कसं ठरवतात? पुस्तकात आकृती आहे पण डोक्यात शिरत नाही.
— विद्यार्थी, फोंडा

उत्तर : आकृतीत चार थर दाखवलेले असतात आणि चारही शांत पडलेले दिसतात, म्हणून शिरत नसेल. प्रत्यक्षात चौघांचं आपसात जमत नाही आणि कोटिंगचं आयुष्य म्हणजे ते भांडण किती लांबवता येतं एवढंच.

खाली पातं, निकेलच्या सुपरॲलॉयचं, म्हणजे भारी उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं. हा धातू १३००-१३५० अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि पात्यावर येणारा वायू १५०० च्या वर असू शकतो. तरी पातं शाबूत राहतं कारण ते आतून पोकळ असतं, आतल्या वाटांमधून कॉम्प्रेसरची हवा सतत खेळवतात. ती हवा नसेल तर कोटिंग काही कामाचं नाही, बाहेरची उष्णता थोडी उशिरा का होईना आत पोचणारच. आत गारवा आणि बाहेर आग असेल तेव्हाच मधला पाव मिलिमीटरचा सिरॅमिकचा थर धातूचं तापमान १००-१५० अंशांनी खाली ठेवू शकतो. पाव मिलिमीटर! हे एकदा नीट समजलं की बाकीचं सोपं आहे.

वरचा सिरॅमिक थर झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचा. १९६० च्या दशकात एक्स-१५ रॉकेटविमानाच्या नॉझलमध्ये झिर्कोनिया वापरला होता. पण शुद्ध झिर्कोनिया थंड होताना साधारण ११७० अंशांच्या खाली आपली स्फटिकरचना बदलतो आणि आकारमानाने ४-५ टक्के फुगतो, म्हणजे दोन-चार फेऱ्यांत भुगा. म्हणून त्यात यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचं ऑक्साइड, मिसळतात. किती मिसळायचं यावर १९७० च्या दशकात नासामध्ये स्टेकुरा यांनी बरंच काम केलं आणि वजनाने ६ ते ८ टक्के हा आकडा निघाला, तोच आजही चालतो.

सिरॅमिक धातूला थेट नीट धरत नाही म्हणून मध्ये बाँड कोट, साधारण १०० मायक्रॉनचा, ज्यात ॲल्युमिनियम भरपूर. आणि चौथा थर कोणी देत नाही, तो आपोआप उगवतो. झिर्कोनियातून ऑक्सिजन आरामात आत जातो, बाँड कोटमधल्या ॲल्युमिनियमला भेटतो आणि अल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा हवाच असतो, तोच खालच्या धातूला ऑक्सिजनपासून वाचवतो. पण तो वाढत राहतो, आणि ५ ते १० मायक्रॉनपर्यंत गेला की समज घरघर लागली.

आता वही घे आणि हिशेब कर. १० सेंटिमीटरचा तुकडा १००० अंशांनी थंड झाला. धातू आकसतो साधारण दीड मिलिमीटर, झिर्कोनिया १.१ च्या आसपास, अल्युमिना ०.९ च्याही आत. तिघं एकमेकांना चिकटलेले, धातू सगळ्यात जाड, म्हणजे त्याचंच चालणार आणि तो बाकीच्यांना आपल्याबरोबर ओढून दाबणार. अल्युमिनाच्या पापुद्र्यात त्यामुळे खोलीच्या तापमानाला ३ ते ४ गिगापास्कलचा दाब साठतो. बांधकामाची ५०० ग्रेडची सळी अर्ध्या गिगापास्कलला वाकायला लागते, त्यावरून अंदाज घे. एवढा दाब घेऊन बसलेला पापुद्रा जिथे जरा सुटलेला सापडेल तिथे वर फुगतो आणि सिरॅमिकला घेऊन उडतो. म्हणजे थर बहुतेक वेळा आगीत असताना सुटत नाही, इंजिन बंद करून थंड होताना सुटतो. कधी कधी तर तपासून टेबलावर ठेवलेल्या नमुन्याचा टवका काही तासांनी आपोआप उडतो, हवेतली ओल त्या भेगेच्या टोकाशी पोचते म्हणून. आपल्या हवेत तर काय विचारता.

तडे आले म्हणजे कोटिंग गेलं, असं मात्र नाही. विमानाच्या पात्यांवर झिर्कोनिया इलेक्ट्रॉन बीमने वाफ करून चढवतात, तेव्हा तो उभ्या खांबांसारखा वाढतो आणि खांबांमध्ये मुद्दाम फट राहते, धातू ताणला की फटी उघडतात, आकसला की मिटतात. प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे पावडर वितळवून फवारून, केलेल्या थरात १०-१५ टक्के पोकळी ठेवतात. काही ठिकाणी तर उभ्या भेगा मुद्दाम पाडून कोटिंग देतात. घाबरायचं ते आडव्या भेगेला, पृष्ठभागाला समांतर धावणाऱ्या, आणि ती नेमकी वरून दिसत नाही. १२०० अंशांच्या वर बराच काळ राहिलं की फटी बुजायला लागतात, थर कडक होतो, मग ताण सोसायची त्याची ताकद संपते.

आयुष्य ठरवायला नमुने भट्टीत घालतात, ११०० च्या वर एक तास, मग बाहेर काढून थंड, परत आत, असं यंत्र दिवसरात्र करत राहतं आणि ठरावीक भाग, बऱ्याच ठिकाणी २० टक्के, उडाला की त्या नमुन्याच्या फेऱ्या मोजून लिहितात. गंमत अशी की एकाच दिवशी एकाच भट्टीत केलेल्या नमुन्यांच्या फेऱ्यांमध्येही मोठा फरक पडतो. सुपरॲलॉयमधलं गंधक दहा लाखांत काही भाग इतकं असलं तरी पापुद्र्याची पकड सैल होते. म्हणून शहाणे डिझायनर असं धरूनच चालतात की कोटिंग गेलं तरी पुढच्या तपासणीपर्यंत पातं निभावलं पाहिजे.

न फोडता तपासायची एक सुंदर युक्ती आहे, ती पुस्तकात नसेल तर लिहून ठेव. अल्युमिनात क्रोमियमचा अंश म्हणजे माणिक. बाँड कोटमधलं क्रोमियम त्या पापुद्र्यात शिरतं, मग वरून लेझर टाकला की झिर्कोनियाच्या खालून तो पापुद्रा माणकासारखा लाल, ६९४ नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. दाब जितका जास्त तितकी ती रेघ सरकते. रेघ पूर्वीच्या जागेकडे परतायला लागली म्हणजे दाब सुटतोय, म्हणजेच खाली कुठेतरी सुटतंय. इंटर्नशिप शोधत असशील तर हैदराबादला एआरसीआय आणि डीएमआरएल या दोन्ही सरकारी संशोधन संस्थांत कोटिंगवर काम चालतं, अर्ज करून बघ.

प्रश्न : मोपा विमानतळ झाल्यापासून आमच्या डोक्यावरून विमानं जातात. एवढी तांबडी धूळ, बाजूला समुद्र, त्या इंजिनांना काही होत नाही का?
— वाचक, पेडणे

उत्तर : होतं, पण हळूहळू. धूळ, वाळू, राख यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची ऑक्साइडं असतात, त्यांचं मिश्रण १२००-१२५० अंशांच्या आसपास वितळून काचेसारखं होतं आणि पात्यावरच्या त्या मुद्दाम ठेवलेल्या फटींत झिरपतं. इंजिन थंड झालं की ती काच गोठते, फटी बंद, मग वरचा थर पापुद्रे होऊन निघतो. यिट्रियालाही ती काच स्वतःत ओढून घेते. यावर उपाय म्हणून गॅडोलिनियम झिर्कोनेटचा थर देतात, तो वितळलेल्या काचेशी झटकन अभिक्रिया करून तिला तोंडावरच घट्ट करून टाकतो.

सगळ्यात भयंकर उदाहरण २४ जून १९८२ चं, ब्रिटिश एअरवेजचं जंबो जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. विमान खाली येताना इंजिनं थंड झाली, गोठलेली राख तडकून सुटली आणि इंजिनं परत सुरू झाली, सगळे वाचले. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या राखेमुळे युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद ठेवलं ते याच धास्तीने. पेडण्याच्या धुळीने तसं काही होत नाही, घाबरू नका.

समुद्राचं मीठ वेगळ्या वाटेने त्रास देतं. इंधनातल्या गंधकाबरोबर त्याचं सोडियम सल्फेट होतं, ते ८८४ अंशांना वितळून बाँड कोटचा संरक्षक पापुद्राच विरघळवतं. म्हणून किनाऱ्यावरून उडणाऱ्या विमानांची इंजिनं गोड्या पाण्याने धुवायची पद्धत आहे.

प्रश्न : दादा, आमच्या पावाच्या भट्टीच्या लोखंडी दाराला हीट रेझिस्टंट रंग मारला तर आतल्या बाजूचा सुटून पावावर पडतो की काय अशी भीती वाटते. कुठला रंग मारू?
— वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आतल्या बाजूला कुठलाच नको. आतून दार घासून कोरडं ठेवा, रोज पेटणारी भट्टी असेल तर गंजायला फुरसतच मिळत नाही. बाहेरून चंदेरी चालेल, पातळ दोन हात, आणि पहिली आच पाव नसताना द्या, वास येतो.

प्रश्न : उरलेला चंदेरी रंग पुढच्या वर्षी चालेल का?
— वाचक, कुठ्ठाळी

उत्तर : मुदत डब्यावर असते, ती टळली नसेल आणि तळाशी बसलेलं ॲल्युमिनियम ढवळल्यावर नीट मिसळत असेल तर चालेल. पण झाकण फुगलेलं दिसलं तर सांभाळून. आत पाणी गेलं की ॲल्युमिनियमच्या पुडीशी मिळून हायड्रोजन सुटतो. असा डबा घरात उघडू नका, मोकळ्यावर न्या, बिडी-काडी लांब ठेवा, तोंड बाजूला करून झाकण हळूच सैल करा, आणि तो रंग वापरू नका.